पवनेच्या कॅम्पिंगसाठी चार्ज कंट्रोलर घेताना

पवनेला तंबू टाकून राहायचं म्हटलं की लाइट, मोबाइल, छोटा पंखा एवढं तरी चाललंच पाहिजे, म्हणून 100 वॅटचं सोलर पॅनल आणि 12 व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, पण पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरपाशी गाडी अडली. पुण्यात तापकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात, दोन चकरा झाल्या. कंट्रोलरचे प्रकार दोन, स्वस्तातला पीडब्ल्यूएम की महागडा एमपीपीटी?

हिशोब साधा आहे. पॅनल साधारण 18 व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं, पीडब्ल्यूएम त्याला खाली बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो, म्हणजे 13 गुणिले 5.5, जेमतेम 72 वॅट, बाकीचे हातात येतच नाहीत. एमपीपीटी त्या जास्तीच्या व्होल्टेजचा करंट करून देतो. मी तोच घेतला, कारण डिसेंबरात दिवस लहान आणि डोंगराआड ऊन लवकर जातं, तेव्हा एकेक वॅट कामाला येतो. नुसता मोबाइल चार्ज करायचा असेल तर मात्र पीडब्ल्यूएम पुरे, खरंच.

आणि हो, सेटिंगमध्ये लिथियम मोड आहे ना ते आधी बघा, लेड अ‍ॅसिडवालं इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं, या बॅटरीला अजिबात चालत नाही. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलटं.