पप्पा ड्युटीवर होते, हे सिद्ध करायला लागलेले आठ महिने

पप्पा ११ सप्टेंबर २०२० ला गेले. पोलीस हवालदार, नोकरीची २८ वर्षं झाली होती. ते नाशिकमध्ये कुठल्या ठाण्यात होते आणि फाइल कुठल्या कार्यालयात अडकली, ते लिहीत नाही. तिथल्या निम्म्या लोकांना मी लहानपणापासून काका म्हणत आलेय, आणि शेवटी त्यातल्याच एकांनी आम्हाला वाट दाखवली. पण जे झालं ते सांगायलाच हवं. पोलीस लाइनीतल्या बायका अजून आईला फोन करून विचारतात, "तुमचं कसं झालं हो?"

मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, आईचं कुटुंब निवृत्तिवेतन, हे सगळं हेलपाटे घालून का होईना, झालं. अडलं ते सानुग्रह अनुदानाचं. कोविडच्या ड्युटीवर असताना मृत्यू आला तर कुटुंबाला ५० लाख रुपये, असा २९ मे २०२० चा शासन निर्णय होता. त्यात एक अट होती. दवाखान्यात भरती होण्याआधीच्या किंवा मृत्यूआधीच्या १४ दिवसांत कर्मचारी ड्युटीवर हजर असला पाहिजे, आणि तसं कार्यालय प्रमुखाने प्रमाणित केलं पाहिजे. वाचताना अट साधी वाटते. मलाही तशीच वाटली होती.

एप्रिल-मेमध्ये पप्पा विल्होळीच्या बाजूला नाक्यावर होते. मुंबईहून कसारा घाट चढून माणसं पायी येत होती, मुंबई-आग्रा रस्त्याने पार उत्तर प्रदेशापर्यंत निघालेली. पप्पा डब्यातल्या पोळ्या वाटून यायचे आणि रात्री घरी आल्यावर अंगणातच कपडे काढून बादलीत टाकायचे. पण त्याच महिन्यांतली दुसरी गोष्टही मला सांगायची आहे. एका संध्याकाळी ते जेवलेच नाहीत. मोटारसायकलवरच्या एका मुलाला त्यांनी काठी मारली होती, आणि मग त्याच्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पाकिटं पडली. आजीचं औषध आणायला निघाला होता तो. "रस्त्यावर कोणी दिसायला नको असं सांगितलंय," एवढंच पप्पा म्हणाले. कोणी सांगितलं, कुठे लिहिलंय, ते आईने विचारलं नाही. तोंडीच सांगितलेलं होतं. त्या मुलाने तक्रार केली असती तर कागदावर फक्त पप्पांचं नाव आलं असतं. आणि ते बरोबरच होतं, कारण हात त्यांचा होता. सांगणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नसतं.

ऑगस्टमध्ये उभं राहून राहून त्यांची कंबर धरली. १७ तारखेला त्यांनी रुग्णनिवेदन केलं. लाइनीत ज्याला 'सिकमध्ये जाणं' म्हणतात, ते. २२ ला गणपती बसले. त्या वर्षी मिरवणुका नव्हत्या, पण गोदाघाटावर गर्दी होऊ नये म्हणून बंदोबस्त लावलेला होता आणि ठाण्यातले बरेच जण विलगीकरणात होते. २३ ला, दीड दिवसाच्या विसर्जनाला, सकाळी फोन आला: "भाऊ, माणूस नाही, तेवढे या." पट्टा घट्ट बांधून पप्पा गेले. २७ ला गौरींसोबतच्या विसर्जनालाही गेले. ३१ ला ताप आला, ३ सप्टेंबरला अहवाल पॉझिटिव्ह, ४ ला भरती.

आता हिशोब करा. हजेरीपटात १७ ऑगस्टपासून 'रुग्णनिवेदन'. पुढे हजर झाल्याची नोंद नाही. १७ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर म्हणजे १८ दिवस. डिसेंबर २०२० मध्ये प्रस्ताव परत आला, त्यावर लाल शाईत लिहिलेलं होतं: 'विहित कालावधीत कर्तव्यावर हजर असल्याबाबतचा पुरावा जोडलेला नाही.'

मी कार्यालयात गेले. टेबलावरच्या बाबूंनी फाइल उघडली, तेच वाक्य मला वाचून दाखवलं आणि फाइल बंद केली. म्हटलं, साहेब, ते घाटावर होते, पन्नास लोकांनी पाहिलंय. "ताई, पाहिलेलं चालत नाही, नोंद लागते." नोंद तर ठाण्यात करायची असते ना? "मग ठाण्यातून आणा." ठाण्यात गेले तर, "आमच्याकडून सगळं वर गेलंय, वर विचारा." जानेवारीभर मी या दोन दारांमध्ये फिरत होते. एकदा सकाळी अकराला बसले ते सव्वाचारला नाव पुकारलं. साहेब मीटिंगला गेलेत एवढंच सांगायला. घरी येऊन मी आईवर ओरडले, की तू त्यांना जाऊ कशाला दिलंस. ते माझं चुकलं. आजही आठवलं की घशाशी येतं.

पप्पांना फोन करणाऱ्या अंमलदारांनाही भेटले. त्यांचे डोळे भरून आले, पण लिहून द्यायला ते तयार होईनात. सिकवरच्या माणसाला तोंडी बोलावलं असं लिहून दिलं तर चौकशी त्यांचीच लागली असती. त्यांनाही वरून कोणीतरी तोंडीच सांगितलेलं. त्यांच्यावरचा माझा राग तेव्हाच गेला.

मग माहिती अधिकार. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागितलं काय, तर 'ऑगस्ट २०२० ची हजेरी'. तिसाव्या दिवशी उत्तर आलं की मागितलेली नोंद हजेरीपटात आढळून येत नाही. अर्थातच नाही, अडचण तीच होती! कुठलं रजिस्टर मागायचं हे न कळल्याने माझे दोन महिने गेले. म्हणून हे नीट वाचा. पप्पांचे एक निवृत्त सहकारी मखमलाबादला राहतात, त्यांच्याकडे गेले. ओटीवर बसवून काकांनी मला बोटं मोजून सांगितलं: "बेटा, हजेरीपट मागू नको. एक, स्टेशन डायरीतली, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतली, बंदोबस्ताची रवानगी माग, कोण कधी निघालं त्याची नोंद. दोन, त्या दिवसाची बंदोबस्त स्कीम माग, कोणाला कुठे उभं केलं त्याची यादी. तीन, गाडीचं लॉगबुक. आणि नुसती प्रत मागू नको, अभिलेख पाहायला माग." अभिलेखाची पाहणी करणं हाही माहिती अधिकारातलाच हक्क आहे, मला ते माहीतच नव्हतं.

नवा अर्ज केला. ३० दिवस उत्तरच नाही. तोवर दुसरी लाट आली होती, नाशिकमध्ये ऑक्सिजनसाठी माणसं धावत होती, आणि अशात आपल्या कागदाचा हट्ट धरायचा म्हणजे मनाला लागायचं. तरी प्रथम अपील केलं. करायलाच हवं होतं. अपिलाला पैसे किंवा वकील लागतो असं समजून लोक सोडून देतात. वकील लागत नाही, स्टॅम्प तेवढा चिकटवावा लागतो. आणि आवक शिक्का मारलेली आपली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या पहिल्या अर्जाची पोचच नव्हती, तेव्हा गर्दीत घाईने निघून आले होते.

अपिलाच्या सुनावणीला बाहेर बाकावर एक रिक्षावाले मामा बसले होते, पंचवटीतले. त्यांच्या मुलाला संशयावरून उचललं होतं आणि रात्रभर बसवून सकाळी सोडलं होतं. पाठीवर वळ होते. ठाणं म्हणत होतं, आम्ही आणलंच नाही. मामाही स्टेशन डायरीच मागत होते. त्यांना नोंद हवी होती मुलगा आत होता म्हणून, मला हवी होती बाप बाहेर ड्युटीवर होता म्हणून. मी कोणाची मुलगी ते मी त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग पिशवीतली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

पोलिसांच्या वागण्यावर वाद होतो तेव्हा मला ते मामा आठवतात. एक बाजू म्हणते पोलीस माजलेत, दुसरी म्हणते ते जीव धोक्यात घालतात. आमच्या घरात दोन्ही खरं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सांगून ठेवलंय की अटकेचा पंचनामा करा, वेळ लिहा, नातेवाइकांना कळवा. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा म्हणाले. तेव्हा लाइनीत काही जण चिडले होते. मला मात्र वाटलं, घाटावर जायला निघालेले पप्पा त्या कॅमेऱ्यात दिसले असते.

दुसरं म्हणजे आमच्यासाठी बोलणारं कोणी नव्हतं. शिक्षक गेला, एसटीचा कंडक्टर गेला, तर संघटनेचा माणूस फाइल हातात घेऊन मंत्रालयात जातो. पोलिसांना १९६६ च्या कायद्याने परवानगीशिवाय कामगार संघटनेत जाता येत नाही, वर्तमानपत्राशीही बोलता येत नाही. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती, पण १९८२ च्या ऑगस्टमध्ये तिची मान्यता काढली गेली आणि मुंबईत पोलीसच रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं. पप्पा १९९२ च्या भरतीचे, त्यांनी हे जुन्या लोकांकडून ऐकलेलं. त्यानंतर राहिला तो दरबार आणि ऑर्डली रूम. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार, बहुतेक वेळा त्याच्याच समोर कडक सॅल्यूट मारून ती मांडायची. केरळमध्ये पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे, तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही. संप नको, मोर्चा नको. पण मेलेल्या माणसाची फाइल धरून बसणारा एक प्रतिनिधी तरी असावा, असं मला मनापासून वाटतं.

अपिलात पाहणीचा आदेश मिळाला. ऑगस्ट २०२१, म्हणजे पप्पांना जाऊन जवळजवळ वर्ष. एका महिला अंमलदाराने संगणकावर २३ ऑगस्टची डायरी उघडून दिली. सकाळची नोंद होती: विसर्जन बंदोबस्तकामी १ अधिकारी व १४ अंमलदार रवाना. नावं नव्हती. माझे पाय गळाले. मग तिनेच कपाटातून बंदोबस्त स्कीमची फाइल काढली. टाइप केलेली यादी, १ ते १३. मी दोनदा मोजली. तेरावर संपत होती. आणि खाली, पानाच्या अगदी कडेला, निळ्या शाईत कोणीतरी हाताने लिहिलं होतं: १४, पुढे पप्पांचा बक्कल नंबर, म्हणजे वर्दीवरचा त्यांचा क्रमांक, आणि 'रामकुंड'. तो नंबर मी हजार वेळा पाहिलेला आहे. लहानपणी ब्रासो लावून ती पट्टी मीच घासायचे. त्या अंमलदाराने काही न विचारता खुर्ची पुढे केली.

दोन रुपये पान. दोन्ही पानांच्या प्रमाणित प्रती जोडल्या, २३ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर १२ दिवस असा हिशोब वर लिहिला, आणि प्रमाणपत्रावर सही झाली. त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. पुढचं सगळं सरळ गेलं, आईच्या खात्यावर पैसे आले.

विसरले होते ते एक: मोबाइल. पप्पांच्या फोनमध्ये त्या दिवसाचा घाटावरचा फोटो होता आणि सकाळच्या कॉलची नोंद होती. रडण्याच्या भरात धाकट्याने तो फोन रीसेट करून वापरायला घेतला. घरातलं माणूस गेलं तर त्याच्या फोनला काही महिने कोणाला हात लावू देऊ नका.

२१ ऑक्टोबर २०२० ला, पोलीस स्मृतिदिनी, आम्हाला बोलावणं आलं होतं. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सला चिनी गोळीबारात गेलेल्या दहा जवानांचा तो दिवस. वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, शस्त्रं उलटी होतात, बिगूल वाजतो. यादी १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट अशी धरतात, म्हणून २०२० ला पप्पांचं नाव नसणार हे काकांनी आधीच सांगितलं होतं. आई तरी शेवटच्या नावापर्यंत ताठ उभी राहिली. २०२१ लाही गेलो, नाव आलं नाही. मी लेखी विचारलंय. अर्जाची पोच आहे माझ्याकडे.

माझा चुलतभाऊ आता पोलीस शिपाई आहे. बंदोबस्ताला निघाला की मी फोन करून विचारते, रवानगी पडली का, नावानिशी पडली का. आधी वैतागायचा. परवा विसर्जनाला त्याने न विचारता डायरीचा नोंद क्रमांक व्हॉट्सॲपवर पाठवला.