पाच नंबरचा बॉल

डेमॉइन ही आयोवा राज्याची राजधानी. भारतातून आलेली बरीच मंडळी इथल्या विमा कंपन्यांच्या आयटीत आहेत, आम्हीही त्यातलेच. बाहेर मक्याची शेतं, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी, आणि त्या थंडीत गावोगावच्या शाळांच्या जिममध्ये मुलींचा बास्केटबॉल. ठाण्याला फोनवर सांगितलं की आई विचारते, "मुलींची मॅच बघायला एवढी माणसं?" हो, एवढी माणसं. ऑक्टोबर 2023 मध्ये आयोवा विद्यापीठाच्या मुली फुटबॉलच्या स्टेडियममध्ये, उघड्यावर एक मैत्रीपूर्ण सामना खेळल्या, तेव्हा 55,646 प्रेक्षक होते. पुढच्या एप्रिलमध्ये कॉलेजच्या मुलींची फायनल टीव्हीवर मुलांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी पाहिली. आयोवाच्या त्या संघाची स्टार खेळाडू केटलिन क्लार्क आमच्या शेजारच्याच गावची, वेस्ट डेमॉइनची.

एका मुलीने हे सगळं घडवलं असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. तिच्या मागे नियमांचा मोठा इतिहास आहे, आणि तो मला समजला शेजारच्या आजींमुळे.

माझी लेक गॅरेजसमोर खेळत होती. आजींनी तिच्याकडून बॉल घेतला, दोनदा आपटला आणि जागच्या जागी थांबल्या. लेक म्हणाली, पुढे जा ना! आजी म्हणाल्या, "आम्हाला दोनच ड्रिबलची परवानगी होती." मग त्यांनी पायाने जमिनीवर एक रेघ ओढून दाखवली. ही मधली रेघ, ही ओलांडायची नाही.

बास्केटबॉल 1891 मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात तो मुलींना शिकवला. मुलींना जास्त धावणं झेपणार नाही या त्या काळच्या समजुतीपोटी तिने कोर्टाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीला आपापल्या भागात ठेवलं. त्यातूनच पुढे सहा-सहा जणींचा खेळ आला. मधल्या रेघेच्या एका बाजूला तीन फॉरवर्ड फक्त बास्केट करणार, दुसऱ्या बाजूला तीन गार्ड फक्त अडवणार. आयोवातल्या शाळांमध्ये हा खेळ 1993 पर्यंत चालू होता! आजी गार्ड होत्या. शाळेची सगळी वर्षं त्या खेळल्या, पण सामन्यात बास्केटकडे बॉल टाकण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही.

तरी त्या खेळाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. इतर राज्यांत मुलींना मैदानच नव्हतं, तेव्हा इथली छोटी गावं मुलींच्या स्पर्धेसाठी लोटायची. 1968 च्या राज्य स्पर्धेत डेनिस लाँग नावाच्या मुलीने एका सामन्यात 111 गुण केले, ते नाव इथे अजून घेतात. गर्दी होती, मान होता. पण अर्धा खेळ कुलूपबंद होता. 1972 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांमधला स्त्री-पुरुष भेदभाव बेकायदा ठरला, कॉलेजांच्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी खुल्या झाल्या आणि तिथे खेळ होता पाच जणींचा, पूर्ण कोर्टाचा. अडवायला न शिकलेली फॉरवर्ड आणि शॉट न मारलेली गार्ड तिथे काय करणार?

ठाणेकरांना हे कबड्डीवरून लगेच कळेल. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, महिलांचं 12 बाय 8. माप वेगळं, पण मुलगी चढाईही करते आणि पकडही. तिला कुणी सांगत नाही की तू फक्त पकड कर. बास्केटबॉलही शेवटी इथेच आला. 1984 पासून अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुली थोड्या लहान, साडेअठ्ठावीस इंच घेराच्या बॉलने खेळू लागल्या. रिंग मात्र मुलांइतकीच, दहा फुटांवर.

खरी मजा लहान मुलींच्या नियमांत आहे. अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेने आणि एनबीएने मिळून वयानुसार शिफारसी केल्या आहेत. सात-आठ वर्षांना आठ फुटांवर रिंग, नऊ ते अकराला नऊ फुटांवर, दोन्ही वयांतल्या मुलींना पाच नंबरचा बॉल (नंबर जितका कमी तितका बॉल लहान). लेकीच्या लीगमध्ये हेच पाळतात. फरक डोळ्यांना दिसतो. जड बॉल आणि उंच रिंग असली की मुलगी दोन्ही हातांनी कमरेपासून बॉल भिरकावते, आणि ती सवय पुढे जाता जात नाही. रिंग खाली आली की कोपर आपसूक बॉलखाली येतं, मनगट वळतं.

या वयात झोन डिफेन्सलाही, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी जागा अडवून उभं राहायलाही, मनाई आहे. लहान मुलींना लांबून शॉट जमत नाही, त्यामुळे पाच जणी बास्केटखाली उभ्या राहिल्या तरी मॅच जिंकता येते. फक्त कुणी काही शिकत नाही. आणि सगळ्यांना शक्यतो सारखा वेळ खेळवायचं. मला हा नियम सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण दहाव्या वर्षी उंच असलेली मुलगी पंधराव्या वर्षीही उंच ठरेल असं थोडंच आहे!

लेकीच्या कोच प्रॅक्टिसच्या सुरुवातीला दहा मिनिटं फक्त उडी मारून खाली उतरायला शिकवतात. गुडघे आत वळता कामा नयेत, पावलांचा आवाज होता कामा नये. मुलींमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून हे.

इथेही सगळं आलबेल नाही. चांगल्या क्लबांची फी आणि गावोगावचा प्रवास परवडणाऱ्या घरांतल्याच मुली पुढे जातात, हे मला खुपतं.

नौपाड्यात माझी भाची बास्केटबॉल खेळते. सिमेंटचं ग्राउंड, मोठ्या मुलांचीच रिंग आणि सात नंबरचा बॉल, कारण शाळेकडे तोच आहे. ती अकरा वर्षांची आहे. परवा म्हणाली, "आत्या, माझा बॉल रिंगपर्यंत पोचतच नाही, मी डिफेन्सच करते." ऐकून मला आजींची रेघ आठवली.

आपल्याकडे मुली नाहीत असं नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. 2017 मध्ये बेंगळुरूला आपल्या महिलांनी आशिया कपचा ब गट जिंकला. लागतं ते फार खर्चिकही नाही. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय रिंग 2.60 मीटरवर असते. शाळेच्या किंवा सोसायटीच्या भिंतीवर तेवढ्या उंचीला बोर्ड बसवता येतो. बॉल घेताना पाच आणि सहा नंबरचे घ्यायचे. आणि ठाण्यात, वाशीत, नेरुळला ज्या आंतरशालेय स्पर्धा भरवल्या जातात, त्यांच्या नियमपत्रकात बारा वर्षांखालच्या मुलींसाठी दोन ओळी घालायच्या: झोन डिफेन्स नाही, आणि प्रत्येकीला किमान एक क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पाव भाग, खेळायला.

भाचीच्या सरांना मी हे सगळं लिहून पाठवलं. जिन्याशेजारची भिंत मोजून ते कळवणार आहेत. तुमच्यापैकी कुणी शाळेत शिकवत असेल किंवा स्पर्धा भरवत असेल, तर खाली लिहा. वयानुसार मापांचा तक्ता मी मराठीत करून ठेवलाय, लगेच पाठवते.