गॅलरीतलं तांब्याचं कडं

सोसायटीच्या मीटिंगमध्ये आज पुन्हा गच्चीवर माझ्या हॅम रेडिओची (हौशी रेडिओची) अँटेना लावण्याचा विषय काढला. पुन्हा ‘नाही’. "वीज पडली तर जबाबदार कोण?" अर्थिंगचं समजावणार तोवर चहा आला आणि गाडी पार्किंगवर गेली.

म्हणजे आता सातव्या मजल्यावरची नऊ फुटी गॅलरी हेच आपलं रेडिओ स्टेशन. ४० मीटर बँडचा (म्हणजे साधारण ४० मीटर तरंगलांबीच्या लहरींचा) साधा डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेली सरळ तारेची अँटेना, २० मीटर लांब, २० मीटर बँडचासुद्धा १० मीटर. एंड-फेड वायर (एका टोकाला जोडलेली लांब तार) खिडकीतून खाली सोडायचा विचार होता, पण ती थेट खालच्या काकूंच्या तुळशीत उतरली असती.

शेवटी मॅग्नेटिक लूपच, म्हणजे कड्याच्या आकाराची छोटी अँटेना. एसीवाल्याकडून आणलेली तीन मीटर तांब्याची नळी वाकवली, वर व्हेरिएबल कपॅसिटर (नॉब फिरवून ट्यून करायचा भाग), आत रेडिओला जोडलेलं छोटं कपलिंग लूप. ट्युनिंग महानाजूक: फ्रिक्वेन्सी जराशी सरकवली की परत नॉब फिरवा. आणि फक्त पाच वॅटलासुद्धा कपॅसिटरवर शेकडो व्होल्ट येतात, त्यामुळे ट्रान्समिट करताना कोणी हात लावायचा नाही, अशी घरात ताकीद दिली आहे.

पण एक गंमत. लिफ्ट चालू झाली की रिसीव्हरमध्ये नुसती खरखर. लूप हळूहळू फिरवत गेलो, एका कोनात ती जवळपास गायब! मागून मोर्सची बारीक टिकटिक वर आली. तीनदा हाक मारली, चौथ्यांदा माझ्या कॉलसाइनचा (रेडिओवरच्या ओळखखुणेचा) अर्धा तुकडा परत आला: "व्हीयू३?"

इतक्यात बायको बादली घेऊन आली. कपड्यांची दोरी आता कुठे बांधायची, यावर वाटाघाटी सुरू आहेत.