सड्यावरचा तास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर डोळ्यांपुढे आला तो शाळेमागचा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार. मृगाचा पाऊस लागला की आमचा एक तास तिथंच असे, दप्तराविना. तिथं शिकलेलं आजच्या मुलांच्याही हाती लागावं, म्हणून जमेल तेवढं तपशिलानं मांडते.

आधी टाकळा, ही पावसाळी रानभाजी. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत तो वीतभर होतो, तेव्हाच खुडावा. फुलावर आला की पान चिवट आणि कडू लागतं. ओळख सोपी आहे: एका देठावर पानांच्या तीन जोड्या, शेंड्याकडे रुंद होत गेलेल्या, टोक गोलसर. दिवेलागणीला ही पानं मिटतात, म्हणून मुलांना दाखवायची ती सकाळीच. त्याच जागेवर कासविंदाही उगवतो. त्याच्या जोड्या चार ते सहा, पानं टोकदार आणि चुरगळली की उग्र वास. त्याला हात लावायचा नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगा. त्याच्या शेंगांमधल्या बिया विषारी असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं त्या खाऊन दगावत होती, हे तिथल्या डॉक्टरांनी २००७ साली दाखवून दिलं. पान ओळखता आलं नाही तर ते परडीत टाकायचं नाही, आधी बाईंना दाखवायचं.

खुडायचा तो फक्त शेंडा, वरची दोन-तीन पानं. रोप उपटलं तर मुळाची लाल माती सगळ्या भाजीला लागते. शेंडा खुडला तर बगलेतून नवे फुटवे येतात आणि त्याच रोपाचा दुसरा तोडा मिळतो. रस्त्याकडेचा टाकळा नको, फवारणी झालेल्या कलमांखालचा तर नकोच. शिजल्यावर भाजी अगदी मूठभर होते, त्यामुळे चौघांसाठी परडी शिगोशीग भरलेली हवी. तीन पाण्यांतून धुऊन बारीक चिरायची. लसूण-मिरचीच्या फोडणीवर कांदा परतायचा, त्यावर भाजी, उकडून ठेचलेल्या पाच-सहा आठळ्या (फणसाच्या बिया) आणि उतरवताना ओलं खोबरं. आठळ्या घातल्या की कडसरपणा जाणवत नाही, मुलं आवडीनं खातात.

अळू आणि शेवळं या भाज्या मात्र घरच्या जाणत्या माणसांवर सोपवावी. आंबट कमी पडलं की घसा खाजतो, आणि वर्गातल्या चाळीस मुलांचा घसा एकदम खाजायला लागला तर काय करणार!

हातकामात माझ्या मते पहिला मान फणसाच्या पानांच्या द्रोणाला. पानं जून घ्यावीत, पण पिवळी पडलेली नकोत. कोवळं पान लुळं पडतं, पिवळं दुमडताच तडकतं. तासभर आधी तोडून ठेवली तर देठाचा चीक सुकतो. तरीही बोटांना खोबरेल चोळून बसावं. देठ खुडून चार पानं अधिकाच्या चिन्हासारखी मांडायची, टोकं मध्यभागी तीन बोटं एकमेकांवर चढलेली. मध्ये हिराचे, म्हणजे माडाच्या पातीच्या मधल्या काडीचे, दोन टाके. मग शेजारची दोन पानं उचलून त्यांच्या कडा एकीवर एक घ्यायच्या आणि टाका घालायचा. असे चार कोपरे झाले की द्रोण उभा राहतो.

खरी मेख हिरात आहे. तो माडाच्या हिरव्या पातीतून काढलेला, ओला हवा. सुका हीर वाकवताना मोडतो आणि त्याचं कुसळ बोटात शिरतं. टाका कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत आणि पानाच्या शिरेला आडवा घालावा. शिरेच्या रेषेत घातला तर पान तिथूनच फाटत जातं. बहुतेक मुलांचे पहिले दोन-तीन द्रोण असेच जातात, म्हणून पानं दुप्पट आणून ठेवावीत. तयार द्रोणात पाणी ओतून बघा. तळाशी गळत असेल तर आतून पाचवं पान बसवा, आणि गरम भाजी वाढायची असेल तर एकात एक दोन द्रोण घ्या.