एवढ्याशा आयुष्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरी आलेला माणूस टाकीसमोर उभा राहिला की आधी विचारतो, ‘हा खराखुरा ऑक्टोपस?’ आणि चहा येईपर्यंत दुसरा प्रश्न येतोच, ‘वर्षभरात मरतो म्हणे, मग एवढा खटाटोप कशाला?’ शेजारच्या अक्कांनी हे विचारलं, भाच्याच्या मित्रांनी विचारलं, परवा तुम्हीही विचारलंत. म्हणून जरा सविस्तर सांगते.

खटाटोप आहेच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, वेंगुर्ल्याचं पाणी आंबोली घाट चढवून किती आणणार? समुद्र घरातच कालवावा लागतो. आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट, म्हणजे समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ, विरघळवायचं, घनता १.०२५ च्या आसपास येईपर्यंत मोजत राहायचं. नळाचं पाणी थेट चालत नाही. त्यात क्लोरीन असतं, आणि तांब्याचा अंश असला तर तो त्याहून वाईट. ऑक्टोपसचं रक्त निळं असतं ते तांब्यामुळंच, पण पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला मारतं. म्हणून टाकीच्या वाटेत पितळी कॉक नाही की तांब्याची कळशी नाही. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध देतात. ते कधीकाळी पडलेली जुनी टाकी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

टाकी आधी दोन-तीन महिने ऑक्टोपसशिवाय चालवायची. तेवढ्या काळात दगडावाळूत जिवाणू वाढतात आणि विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. हा प्राणी खातो भरपूर आणि सांडतोही भरपूर, त्यामुळं घाण उपसणारा प्रोटीन स्किमर त्याच्या अंगाच्या मानानं मोठाच लागतो. आमच्या गावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जुलैत लाईट गेली की तासन्‌तास येत नाही. निळं रक्त आपल्या रक्ताइतका ऑक्सिजन वाहू शकत नाही, तीन हृदयं असूनही. पाणी थांबलं की तो लवकर गुदमरतो. आमच्याकडं लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर आधी टाकीचा पंप चालतो, मग घरातला पंखा.

आणि झाकण! त्याच्या अंगात टणक काय ते चोचच. चोच जाईल त्या फटीतून बाकीचा सगळा जीव जातो. न्यूझीलंडमधल्या नेपिअरच्या मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस असाच रात्री टाकीतून बाहेर पडला, जमिनीवरून सरकत सांडपाण्याच्या पाइपात शिरला आणि समुद्राला जाऊन मिळाला. ही बातमी २०१६ मध्ये जगभर गाजली. आमच्या घरातून निघाला तर त्याला फरशीच मिळेल. म्हणून काचेच्या झाकणाला कड्या आहेत आणि पाइपच्या भोकांना जाळी.

आता कशाला, ते सांगते.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की मी बरणीत एक खेकडा घालते, झाकण फिरवून लावते आणि बरणी टाकीत सोडते. खेकडा समुद्राचाच. खानापूरकडच्या शेतातले खेकडे पावसाळ्यात ढिगानं मिळतात, पण गोड्या पाण्यातलं खाणं त्याला रोज देऊ नये. पहिली काही मिनिटं तो दगडाआडून नुसता डोळा बाहेर काढतो. डोळ्यातली बाहुली म्हणजे आडवी फट. अंग तिरकं होवो, उलटं होवो, ती फट आडवीच राहते. मग एक हात लांबून बरणीवर येतो. काचेतून चव लागत नाही, आणि त्याची चव तर चूषकांत, म्हणजे हातांवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांत, हातभर पसरलेली. मग दुसरा हात, तिसरा, आणि तो सगळाच बरणीवर बसतो. मघाशी दगडासारखी खरबरीत असलेली कातडी गुळगुळीत होते आणि करड्याची गडद तपकिरी. झाकण हलायला लागलं की माझा श्वास अडकतो, दर वेळी. त्याच्या चेतापेशींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश हातांमध्ये असतात, हे मी वाचलेलं होतं. पण डोळे माझ्याकडं लावून हात स्वतंत्रपणे झाकण उघडताहेत, हे बघितल्यावर ते पटलं.

तो माणसं ओळखतो. मी आले की काचेशी येतो, अनोळखी कुणी आलं की दगडाआड. तासाभरानं पाहुण्यांनाही सरावतो.

आणि हो, लहान जातींचं आयुष्य वर्षभराचं, फार तर दीड वर्षाचं. आमची आधीची मादी होती. वेंगुर्ल्याच्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात ती खेकड्यांबरोबर आली होती. तिनं गुहेच्या छताला अंडी लावली आणि त्या दिवसापासून खाणं सोडलं. अंड्यांवर पाण्याचा झोत सोडायची, चूषकांनी एकेक झुपका पुसायची. कोलंबी समोर धरली तर हातानं हळूच बाजूला सारायची. हा आजार नव्हे. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की या संशोधकानं अशा माद्यांच्या डोळ्यांमागच्या ग्रंथी काढून पाहिल्या, तेव्हा त्या अंडी सोडून पुन्हा खायला लागल्या आणि जास्त जगल्या. म्हणजे हा शेवट तिच्या अंगातच लिहिलेला असतो. मला तिचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण ती लवकर जाणार म्हणून तिला कमी द्यावं, असं कधी मनात आलं नाही. उलट तिच्याकडं वेळ थोडा होता म्हणून मी संध्याकाळची कामं पुढं ढकलली.

ज्यांना पाळायचाय त्यांना दोन गोष्टी सांगते. टाकीत एकच ठेवा, दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खाईल. आणि अंगावर निळी कडी असलेला एवढासा ऑक्टोपस कुणी विकायला आणला तर हात लावू नका. त्याच्या विषावर उतारा नाही. मोठ्या सुट्टीत घराला कुलूप लावून जाणाऱ्यांनी तर हा नाद करूच नये.

बघायला मात्र या. दुपारी नको, तेव्हा तो गुहेत असतो. सातनंतर या, बरणीचं झाकण तुम्हीच लावा.