न आटणारा हौद

पाणी तपासायला लोक कशातून पाणी आणतील याचा नेम नाही. कोल्ड्रिंकची बाटली, खोकल्याच्या औषधाची बाटली, एकदा तर शाम्पूची. आता आम्ही पाणी तपासायचं की शाम्पू? मी सोलापुरात एका खासगी लॅबमध्ये पाणी तपासणीचं काम करते. हॉटेलवाले, जारवाले, डाय हाऊसवाले, नवीन बोअर मारलेले शेतकरी, हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. घरचं पाणी घेऊन कुणी आलं की समजायचं, घरात आजारपण आहे नाहीतर शेजाऱ्याशी भांडण आहे.

मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर एक तिशीतला पोरगा थम्सअपची बाटली भरून घेऊन आला. टॉवेलच्या कारखान्यात कामाला, घर अक्कलकोट रोडच्या पट्ट्यात. चार वर्षांच्या मुलीला महिन्याभरात दुसऱ्यांदा सलाईन लावलं होतं. आईलाही अधूनमधून जुलाब. "पुण्याची सगळी घाण उजनीत येते आणि तेच आपण पितो मॅडम," तो तणतणत होता.

"हे पाणी नळाचं की हौदाचं?" मी विचारलं.

"सगळं एकच की. नळाचंच हौदात पडतंय."

हे उत्तर मला रोज ऐकायला मिळतं. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर. तिथलं पाणी थेट पाइपलाइननं पाकणीला येतं, आणि भीमेतून टाकळीला उचललेलं सोरेगावला. दोन्हीकडं ते गाळून, क्लोरीन घालून शहरात सोडतात. पण सोलापुरात नळ रोज येत नाही. येतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, उन्हाळ्यात आणखी लांबतो. मधले दिवस पाणी राहतं ते आपल्या हौदात, टाकीत, पिंपात, माठात. तिथं त्याचं काय होतं ते कुणी बघत नाही, आणि बघितलं तरी शिव्या खायला उजनी आहेच. मी बाटली बाजूला ठेवली आणि त्याला सांगितलं, पाणी सुटेल त्या दिवशी फोन कर, मीच येते.

फोन आला तो पहाटे साडेपाचला. "पाणी सुटलंय मॅडम, लवकर या की." गल्लीत पोहोचले तेव्हा घराघरातून मोटारींची घरघर चालू होती. नळाला थेट मोटार लावायची नसते हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांनी लावलेली असते. मोटार पाइपातलं पाणी ओढते, तेव्हा कुठं जॉइंट गळका असेल तर तिथून गटारातलंही ओढून घेते. माझा पहिला संशय तोच. त्याच्या घराचं कनेक्शन गटारावरूनच आलेलं होतं, पण पाइप नवा होता, पीव्हीसीचा, आणि जॉइंट कोरडे खडखडीत.

मोटार बंद करायला लावली. नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून घेतलं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू दिलं आणि मग निर्जंतुक बाटली भरली. या बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, आम्ही त्याला हायपो म्हणतो. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन वाटेत जंतू मारत बसतो आणि लॅबमध्ये पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. थम्सअपच्या बाटलीचा घोळ नेमका इथं असतो.

मग ओटी टेस्ट. काचेच्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब. क्लोरीन असला की पिवळा रंग येतो, जितका जास्त तितका गडद. नळाचं पाणी लगेच पिवळं झालं. रंगपट्टीशी लावून पाहिलं तर लिटरला साधारण 0.5 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस 10500 या मानकाप्रमाणं निदान 0.2 उरलेला असला पाहिजे. म्हणजे नळ निर्दोष. पोराचा चेहरा पडला. उजनीवर खटला चालवायची त्याची तयारी वाया गेली होती.

हौद अंगणात, जमिनीखाली. लोखंडी झाकण फरशीच्या बरोबरीत, आणि झाकणावर हळद-कुंकू. आत वीतभर पाणी होतं. त्याची ओटी निगेटिव्ह. पण तेवढ्यावरून काही ठरत नाही. तीन दिवस साठलेल्या पाण्यातला क्लोरीन तसाही उडून जातो. म्हणून नळाची नळी हौदात सोडली. हातभर नवं पाणी पडल्यावर ढवळून थोडा वेळ थांबले आणि पुन्हा पाहिलं. जुन्या पाण्याच्या दुप्पट नवं, क्लोरीनचं पाणी त्यात पडलं होतं, निदान फिकट तरी रंग यायला हवा होता. काचेच्या नळीतलं पाणी पांढरंच राहिलं. आत काहीतरी क्लोरीन खात होतं.

टीडीएस मीटर मात्र दोन्हीकडं चारशेच्या आतच. त्याला क्षार कळतात, जंतू कळत नाहीत.

सूनबाई पिंपं भरत होत्या. सहज विचारलं, हौद शेवटचा कधी धुतला? त्या हसल्या. "धुवायला रिकामा तर व्हायला पाहिजे. मोटार किती पण चालवा, दुसऱ्या दिवशी तळाला पाणी असतंयच. आत्या म्हणतात, लक्ष्मी आहे." आजी उंबऱ्यात सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बारा वर्सं झाली अम्मा. सगळ्या गल्लीचं पाणी संपतंय, आमचं संपत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. सिमेंटच्या बंद हौदात आपोआप पाणी येत असेल तर ते कुठून तरी येतंय. आणि हौदापासून दोन फुटांवर संडास-मोरीचं चेंबर होतं. झाकण उचललं. पुढची लाइन तुंबलेली, चेंबर अर्धं भरून उभं. विटांचं जुनं बांधकाम, आतून गिलावा नाही.

आता संशय सांगून भागणार नव्हतं. आजींच्या लक्ष्मीला मी गटार म्हणणार, तर हातात पुरावा पाहिजे. नळाच्या, हौदाच्या आणि माठाच्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून आमच्या पोराबरोबर लॅबला पाठवल्या, कारण शक्यतो सहा तासांच्या आत त्या लावायला लागतात. मग घरच्यांना म्हटलं, पिंपं नळाखाली भरून घ्या आणि हौद पूर्ण उपसा. पाण्याच्या दिवशी हौद उपसायचा म्हणजे सोलापुरात वेडेपणाच. पण मुलीचं सलाईन ताजं होतं, कुणी वाद घातला नाही. झाकण उघडून हौद तास-दीड तास तसाच ठेवला, वर दोन माणसं उभी केली आणि मगच एकाला आत उतरवून भिंती कोरड्या पुसून घेतल्या. अशा बंद हौदात, टाकीत एकट्यानं उतरून माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ती गडबड मी कुणाला करू देत नाही.

रंगाची अडचण नव्हती. त्या पोराचा धाकटा भाऊ डाय हाऊसमध्ये, म्हणजे सूत-कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. त्यानं टॉवेलचा गर्द लाल रंग पुडीतून आणला, आम्ही बादलीभर पाण्यात कालवला आणि चेंबरमध्ये ओतला. आता वाट बघायची.

त्या वेळात आरओ मशीनवाला आला. आदल्या संध्याकाळी तो डेमो दाखवून गेला होता आणि ॲडव्हान्स न्यायला आला होता. आजींनी त्या डेमोचा ग्लास कपाटावर जपून ठेवला होता, तपकिरी गाळानं भरलेला. "बघा, हे पितो आम्ही." मी त्याला म्हटलं, परत दाखव. पोरगा बिचारा कमिशनवरचा. त्यानं दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, एकात मशीनचं. दोन्हीत धातूच्या दांड्या बुडवल्या आणि बटण दाबलं. नळाचं पाणी मिनिटभरात गढूळ तपकिरी झालं, मशीनचं तसंच नितळ.

मी सूनबाईंकडून चिमूटभर मीठ मागून घेतलं आणि त्याच्या नितळ ग्लासात टाकलं. "आता दाब." थोड्या वेळात तेही हिरवट-तपकिरी चिखल झालं. शेजारच्या बायका कंपाउंडवरून बघत होत्या, त्यातली एक मोठ्यानं हसली. यात जादू काही नाही. दांड्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज खाली बसतो. क्षार नसले की वीज नीट वाहत नाही, मग काहीच होत नाही. ग्लासात दिसते ती दांडीची घाण, पाण्यातली नव्हे. पोरगा खरंच चकित झाला होता. त्याला कंपनीनं एवढं शिकवलेलंच नव्हतं.

आरओनं जंतू अडत नाहीत असं मी म्हणणार नाही, अडतात. पिण्यापुरता त्या घराचा प्रश्न सुटलाही असता. पण दात घासायला, भांडी विसळायला, कोथिंबीर धुवायला हौदाचंच पाणी राहिलं असतं, आणि लहान लेकरू अंघोळ करताना घोटभर पाणी पितंच. शिवाय ही मशीनं एक लिटर शुद्ध करताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतात. जिथं चौथ्या दिवशी नळ येतो तिथं हा हिशेब मला कधी पटत नाही. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही टीडीएस 500 पेक्षा कमी असेल तिथं आरओवर बंदी आणायला सांगितलं होतं. बोअरचं जड पाणी, जिथं डाळ शिजत नाही, तिथली गोष्ट वेगळी.

दुपारी दोनच्या सुमाराला धाकट्यानं हाक मारली. टॉर्च लावून खाली वाकलो. चेंबरच्या बाजूच्या भिंतीवर, तळापासून हातभर उंचीवर, गिलाव्याला केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून लाल ओघळ उतरत होता. तळाशी तळहाताएवढं लाल थारोळं. कुणी काही बोललं नाही. आजींना दोघांनी धरून आणलं. त्यांनी वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, मग पदरानं झाकणावरचं कुंकू पुसलं आणि आत जाऊन माठ उचलून मोरीत उपडा केला. मला त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

पुढचं काम गवंड्याचं. चेंबरपासूनचा जुना चिनी मातीचा पाइप जॉइंटला फुटलेला निघाला. तो काढून पीव्हीसी टाकायचा, तुंबलेली लाइन मोकळी करायची, चेंबरला आतून गिलावा आणि हौदाला वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं, तोंडाला नऊ इंच कठडा बांधायचा म्हणजे अंगण धुतलेलं पाणी आत जाणार नाही, हे सगळं मी कागदावर लिहून दिलं. माझं मत विचाराल तर चेंबरशेजारचा हौद बुजवलेलाच बरा. पण घराघरात जागेची आणि पैशांची अडचण असते.

वरच्या टाकीतही तेच पाणी चढलेलं होतं, ती त्याच दिवशी धुवायला घेतली. हजार लिटरला दोनशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, रात्रभर ठेवायची, सकाळी ते पाणी सगळ्या नळांतून सोडून द्यायचं, मग साध्या पाण्यानं धुवायचं. मी हे सांगत असतानाच थोरला मोरीतली ॲसिडची बाटली घेऊन जिना चढायला लागला, डाग निघावेत म्हणून. मी अशी ओरडले की पोरगं दचकून रडायला लागलं. ब्लीचिंगमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि टाकीत डोकं घातलेल्या माणसाला तो पळायलाही वेळ देत नाही. संडास धुताना सुद्धा हे दोन्ही एकत्र करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. "जास्त स्वच्छ होतंय की," म्हणतात.

निघताना हौदाच्या उपसलेल्या पाण्याची एक एचटूएस बाटली भरून त्यांच्या माळ्यावर ठेवली. या छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेला ठेवायचं, पाणी खराब असेल तर एक-दोन दिवसांत काळं पडतं. दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला, डांबरासारखी काळी.

लॅबमध्येही तेच. तिथं जांभळ्या द्रावणाच्या नळ्यांत पाणी घालून उबेला ठेवतो, जंतू वाढले की द्रावण पिवळं पडतं. नळाच्या पाण्याच्या नळ्या जांभळ्याच राहिल्या. हौदाच्या आणि माठाच्या सगळ्या नळ्या पिवळ्या, आतल्या उलट्या छोट्या नळीत गॅस भरलेला, आणि पुढच्या तपासणीत ई कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू. मानकाप्रमाणं 100 मिलिलिटर पाण्यात तो एकही सापडता कामा नये.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा तपासलं, पाणी चांगलं आलं. मुलीचे जुलाब थांबले. शेजारच्या घराचा हौद त्याच चेंबरच्या दुसऱ्या अंगाला आहे. तिथं मी दोनदा निरोप दिला. घरमालक पुण्याला, भाडेकरू म्हणतात आमचं पाणी कधी संपत नाही, कशाला उगाच उकरायचं.

आणि परवा आजींचा फोन आला, नातवाकडून लावून घेतलेला. चौथ्या दिवशी सकाळी हौदात खडखडाट असतो, मोटार हवा ओढते, शेजारून दोन घागरी मागायला लागतात, अशी तक्रार. मी सांगितलं, घट्ट झाकणाची पाचशे लिटरची प्लास्टिकची टाकी घ्या, जमिनीवर ठेवा. किंमत ऐकून त्या म्हणाल्या, "मशीनपेक्षा सस्ता आहे," आणि फोन नातवाच्या हातात दिला.