महाधनेशाचा नर आलाच नाही
देवराईतल्या एका जुन्या आंब्यावर महाधनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची ढोली आहे आणि विणीच्या दिवसांत माझं काम म्हणजे तिच्याकडे बघत बसणं. लोकांना वाटतं काय मजा आहे. मान आखडते हो, आणि वर तक्ते भरायचे, नर किती वाजता आला, काय आणलं, किती फळं दिली.

मादी तेव्हा आत कोंडलेली असते, तीही स्वतःहून. विष्ठा, चिखल, फळांचा लगदा असं सगळं चोचीने थापथापून ती ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक अरुंद उभी फट ठेवते. आत बसली की पंखांची, शेपटीची मोठी पिसं गाळते, म्हणजे मधेच कुणी ढोली फोडली तरी बाईला उडता यायचं नाही. सगळी भिस्त नरावर.

त्या दिवशी दुपार झाली तरी तो नाही. एरवी दिसायच्या आधी ऐकू येतो, लोहाराचा भाता चालावा तसा पंखांचा आवाज. राखणीला असलेले काका पण अस्वस्थ, "ताई, आज गरुड इलोच नाय." (इकडे धनेशालाच गरुड म्हणतात.) आमचा नवा सहकारी, हुशार आहे पण हात शिवशिवतात त्याचे, दोर काढून तयार, वर चढू, लिंपण फोडू, मादीला खायला घालू. मी म्हटलं थांब, आधी खाली बघ.

हे बाहेरच्यांना माहीत नसतं. मादी फटीला मागची बाजू लावून बाहेर शिटते, घर स्वच्छ ठेवते. खोडावरून ओला ओघळ उतरत होता, ताजा. म्हणजे आतली जिवंत आहे, बाकी काही कळायला मार्ग नव्हता.

मग काकांनाच शंका आली. नर ढोलीकडे यायच्या आधी ज्या झाडावर थांबतो ना, त्याच्याच खाली दोन फोटोवाले कापड टांगून बसलेले आणि मोबाईलवर धनेशाचा आवाज लावलेला! कितीदा सांगायचं या लोकांना. वर मलाच ऐकवतात, मॅडम, आम्ही पण निसर्गप्रेमी आहोत. लांबलचक लेन्स घेतली की अक्कल फुकट मिळत नाही, एवढंच म्हणेन.

ते गेल्यावर बऱ्याच वेळाने नर आला. पिवळीधमक चोच, वर ते शिंगासारखं शिरस्त्राण, लाल डोळा (मादीचा पांढरट असतो), मानेवर तेलग्रंथीतून चोळलेला पिवळा रंग. लगेच जवळ नाही गेला, मान वळवून वळवून सगळीकडे बघून घेतलं. मग खोडाला बिलगला आणि घशातून एकेक उंबर वर काढून चोचीच्या टोकावर आणायचं, फटीत द्यायचं, पुन्हा पुढचं. एकतीस फळं, शेवटी एक सरडा.

फोटोवाल्यांमुळेच अडला का आधीच कुठे लांब गेला होता, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तो आलाच नसता तर? ढोली फोडून बिनपिसांची मादी आणि पिल्लू उघड्यावर आणायचं, की वाट बघत बसायचं, आणि किती? तक्त्यात 'नर न आल्यास' असा रकानाच नाही. तो घालायचं ठरलंय, पण सहकारी म्हणतो एक दिवस लिहू, मी म्हणते दोन, आणि काका म्हणतात तुम्ही मुळात हातच लावू नका.